संगमेश्वरचं तबक

सोनाराच्या घरात चांदी किती असेल याबद्दल लोकांचे अंदाज फार उदार असतात. आमच्या घरात चांदीची वस्तू एकच होती, आणि तीही अपुरी. रत्नागिरीत आळीच्या तोंडाशी बाबांचं दुकान होतं. पुढे दुकान आणि मागे आमच्या दोन खोल्या. दुकानात आलेल्या बायका आईला म्हणायच्या, "तुमचं बरं हो, चांदीच्या ताटात जेवत असाल." आई म्हणायची, "हो ना, घासून घासून हात दुखतात." आणि आत येऊन आम्हाला पितळीत भात वाढायची.

ती एकुलती एक वस्तू म्हणजे आईचं तबक. दीड वीत रुंदीचं, गोल, काठ जरासा वर उचललेला. मधोमध मान मागे वळवून बघणारा मोर. तो आईच्या पणजोबांच्या हातचा, म्हणजे माझ्या लहानपणीच शंभरीला टेकलेला. त्याच्या पिसाऱ्यातला एकही डोळा दुसऱ्यासारखा नव्हता. मी ते मोजायला बसायची आणि दर वेळी वेगळा आकडा यायचा. काठावरून एक वेल फिरत गेली होती, तिला एकवीस पानं. पानांच्या कडा सगळ्या कोरलेल्या, पण आतल्या शिरा आणि बारीक ठिपके फक्त नऊ पानांत. बाकीची कोरी, गुळगुळीत. नव्या माणसाला वाटायचं, कारागीर काम अर्धवट टाकून पळाला की काय.

कारागीर कुठे पळाला नव्हता. तो संगमेश्वरला आपल्या पडवीत बसून आईची वाट बघत होता. आईचे वडील, माझे आजोबा, चांदीवर नक्षी काढत. त्यांच्या घरात चार पिढ्या हेच काम चाललेलं. तबकं, अत्तरदाण्या, पानाचे डबे, देवांच्या प्रभावळी. आईच्या पणजोबांनी मोराची अशी काही तबकं घरातल्या मुलींसाठी करून ठेवली होती. मुलगी सासरी निघाली की काठावर वेल कोरून तबक तिला द्यायचं, पण पानं कोरी ठेवायची. मग दर वैशाखात मुलीनं माहेरपणाला येताना तबक बरोबर आणायचं आणि बापानं त्यातलं एक पान भरून द्यायचं. वर्षाला एकच. आली नाही तर पान नाही. लेकीला माहेरी पाठवायचं म्हटलं की ज्या घरांना एकेक अडचणी सुचू लागतात, त्यांच्यापुढे हे बरं चाले. काम अपुरं आहे, गेलं पाहिजे, यावर कोण काय बोलणार? आईच्या वाट्याला आलेलं तबक त्यातलं शेवटचं होतं.

शाळेला सुट्टी लागली की आम्ही एसटीनं संगमेश्वरला जायचो. तबक आईच्या मांडीवर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. हातखंब्याच्या पुढे वळणं लागली की मला मळमळायचं. आई एका हातानं माझ्या नाकाशी लिंबू धरायची, दुसरा हात तबकावर. मला उलटी झाली तरी चालेल, तबकाला धक्का लागता कामा नये, असा एकंदर कारभार होता. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

आजोबांच्या पडवीत एक जाड पाट होता आणि त्याच्यावर राळेचा काळा थर. राळ, विटेची पूड आणि तेल एकत्र शिजवून तो केलेला. जवळ निखारे धरले की राळ मऊ होई. तिच्यावर तबक दाबून बसवायचं आणि गार होऊ द्यायचं. मग ते तसूभरही हलत नसे, आणि वरून घाव पडला तरी पत्रा फाटत नसे. कलमा म्हणजे बोटाएवढ्या पोलादी काड्या, एकीचं टोक नखासारखं, दुसरीचं तांदळाच्या कणीएवढं. आजोबा डाव्या हातात कलम धरत आणि उजव्या हातातली हातोडी तिच्यावर इतकी हलकी पाडत की थोड्या वेळानं तो आवाज ऐकूच येईनासा होई. थांबला तरच लक्षात यायचं.

एका पानाला दोन तास लागायचे. काम खरं म्हणजे अर्ध्या तासाचं. बाकीचा वेळ आईचा होता. पान भरत असताना मुलीनं समोर बसून वर्षभराचं सांगायचं, असा रिवाज होता. आजोबांची मान खाली, नजर कलमेवर, म्हणून आईला बोलता येई. एरवी वडिलांच्या डोळ्याला डोळा देऊन ती "सगळं बरं आहे" याच्यापलीकडे एक अक्षर बोलली नसती. तिच्या वेळच्या मुली बोलतच नसत. पण त्या दोन तासांत ती सगळं सांगायची. सासूबाईंचं बोलणं, पावसात गळणारी मागची खोली, बाबांचा अबोला. माझ्यानंतर एक मूल तिच्या पोटातच गेलं, हे मला दाराआडून तिथेच कळलं. आजोबा मधूनमधून नुसतं "मग?" म्हणत. एखाद्या गोष्टीला हातोडी जरा वेळ थांबे, आणि पुन्हा चालू होई.

म्हणून ती पानं आईला पाठ होती. तबक घासायला काढलं की बोट ठेवून सांगायची. हे तुझ्या जन्माच्या वर्षीचं. हे सासूबाई गेल्या तेव्हाचं. हे तू रांगत जाऊन राळेत हात घातलास त्या सालचं, बघ, इथे एक ठिपका जास्त पडलाय. मी म्हणायची, सगळी पानं सारखीच तर आहेत. आई म्हणायची, "तुला नाही कळायचं."

नऊ वर्षं एकही वैशाख चुकला नाही. मग माझा भाऊ झाला, तोही चैत्रात. ओल्या बाळंतिणीला कुठला प्रवास? ते साल गेलं. पुढच्या वैशाखात त्याला डांग्या खोकल्यानं धरलं. तेही गेलं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. देशात काय काय नवं चाललं होतं. पोफळीकडे डोंगर पोखरून वीज काढणार, असं बाबा गिऱ्हाइकांना अशा थाटात सांगत की जणू सुरुंग तेच लावणार होते. आमच्या घरात मात्र विषय एकच, आईचं जाणं.

मार्गशीर्षात मामाचं कार्ड आलं. आप्पांचा, म्हणजे आजोबांचा, एक डोळा गेला, दुसऱ्यातही मोती उतरतोय, असं त्यानं लिहिलं होतं. मिरजेला जाऊन डोळा कापून घ्या म्हटलं तर म्हणतात, हत्यार दुसऱ्याच्या हातात आणि डोळा माझा, हे मला जमायचं नाही. काम बंद आहे. पण ताईचं पान भरायचंय, तेवढा वैशाखापर्यंत डोळा टिकवतो, असं रोज म्हणतात.

आईनं ते कार्ड कितीदा वाचलं कोण जाणे. लगेच निघायची तिची तयारी होती, पण भावाची छाती थंडीनं पुन्हा भरलेली. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून बजावलं. आता तिला एकच हवं होतं. आजोबांची नजर पुरती जायच्या आत त्यांच्या हातचं एक तरी पान, आणि ते दोन तास. बाकी तिनं काहीही सोडून दिलं असतं. ती दिवस मोजत राहिली, आणि आम्ही तिच्यापुढे जरा जपून वागत राहिलो.

त्याच सुमारास मिरकरवाड्यातून एक मुसलमान बाई गुलाबदाणी घेऊन आल्या. त्यांचा नवरा जहाजावर होता. गुलाबदाणी घरातली, कुणी आजा-पणजानं सुरतेहून आणलेली, मुलीच्या लग्नात लागणार होती. उंच मान, पोटावर फुलांची जाळी, आणि नेमका पोटालाच पोचा. बाबांचा हात साखळीला, नथीला, डाग देऊन सांधे जोडायला फार चांगला. नक्षीत मात्र त्यांना गती नव्हती. पण बाई आशेनं आलेल्या, त्यांना नाही म्हणवेना. बाबांनी आतून ठोकून पोचा काढला. पोचा गेला, आणि त्याच्यावरचं फूलही गेलं. बाईंनी बोट फिरवून अगदी हळू विचारलं, "भाऊ, हितलं फूल कुटं गेलं?" बाबांनी मजुरी घेतली नाही. दुपारी पानावर बसून नुसता भात चिवडत होते.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. मी म्हटलं, "आजोबा इथे असते तर फूल राहिलं असतं."  मला तेवढ्यानं थांबता आलं असतं. पण मी पुढे म्हटलं, "तुम्हीपण सोनारच ना? मग आईची राहिलेली पानं तुम्हीच का नाही भरून देत?"

"जेव मुकाट्यानं," बाबा म्हणाले.

त्यानंतर दुपारी दुकानाची फळी अर्धी लावलेली असे आणि आतून टकटक ऐकू येई. एकदा झाडताना मला बैठकीखाली तांब्याच्या पट्ट्यांचा ढीग सापडला. प्रत्येकीवर पानं. आधीची पानं कसली, चिमण्यांची पावलंच ती. पुढची हळूहळू पानांसारखी दिसायला लागली होती. मला इतका आनंद झाला की मी आईला सांगणारच होते. बाबांनी बोट ओठावर ठेवलं, म्हणून गप्प बसले. तोवरच्या आयुष्यात पहिल्यांदाच मी गुपित पोटात ठेवलं, आणि तेही नेमकं हे.

चैत्रात आमच्याकडे गौरीचं हळदीकुंकू असायचं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. कुंकवाचा करंडा तबकात मांडायची आईची पद्धत. त्या दिवशी तिनं ट्रंकेतून तबक काढलं, लुगड्याची घडी उलगडली आणि तशीच उभी राहिली. नऊ पानांच्या पुढची दोन पानं भरलेली होती. बाबा काहीतरी शोधायला म्हणून आत आले होते आणि काहीच शोधत नव्हते.

"दोन वर्षं तुला जाता आलं नाही ना," ते म्हणाले, "म्हणून."

आईनं त्या दोन पानांवरून बोट फिरवलं. "छान आलंय," म्हणाली. मग तबक पुन्हा गुंडाळलं आणि करंडा पितळेच्या ताटलीत मांडला. बायका आल्या, डाळ खाल्ली, गौरीची आरास वाखाणली. एकीनं विचारलंच, तबक कुठे गेलं यंदा? "काळं पडलंय," आई म्हणाली. पडदा सारून दुकानात बसलेल्या बाबांना ते ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी मागीलदारी आई कपडे वाळत घालत होती तिथे बाबा गेले. मी न्हाणीत होते, मला सगळं ऐकू आलं.

"चार महिने तांब्यावर हात बसवला मी. वाईट आलंय का?"

"मी कुठे वाईट म्हटलं?"

"मग मांडलं का नाहीस?"

आईनं हातातला कपडा पिळला, पुन्हा पिळला. "अहो, त्या नऊ पानांत प्रत्येकात मी काही ना काही सांगितलंय. या दोनांत काय आहे? मुकी आहेत ती. कोरी होती तोवर मला वाटत होतं, त्या दोन वर्षांचं सांगायचं राहिलंय, गेले की सांगेन. आता त्याला जागाच उरली नाही."

बाबांनी दोरीवरचा एक कपडा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "माझ्या डोक्यात हे आलंच नाही." आणि दुकानात निघून गेले. दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नव्हता, आणि मला मात्र वाटत होतं की आता कुणीतरी ओरडावं, मला तरी. कारण ही कल्पना माझी होती. बाबांनी ती माझ्यावर ढकलली नाही, तेव्हाही आणि नंतर कधीही नाही. मीही कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय.

वैशाख आला. भाऊ बरा झाला होता. लग्नसराई ऐन भरात, दुकानात मंगळसूत्रांची कामं पडलेली, आणि बाबांनी दुकान बंद करून आमच्याबरोबर निघायचं ठरवलं. आळीतल्या लोकांनी त्यांची चेष्टा केली, काय हो, यंदा तुमचंही माहेरपण का? बाबा हसले नाहीत. एसटीत त्यांनी भावाला मांडीवर घेतलं आणि सबंध वाटेत तोंड उघडलं नाही. सासऱ्यापुढे जाऊन काय बोलायचं याची ते मनात उजळणी करत असावेत. आईचे दोन्ही हात तबकावर. मला लिंबू माझं मीच धरावं लागलं.

आजोबा पडवीतच होते. पायरी चढताना आईची पावलं त्यांनी ओळखली. "आलीस गो बाय?" म्हणाले. "दोन वर्षं लावलीस." मग भावाला जवळ घेऊन त्यांनी त्याचं नाक, कान, हनुवटी बोटांनी चाचपली. त्यांचे डोळे उघडे होते, पण आमच्या थोडे बाजूला बघत होते. "टिकवतो म्हटलं होतं," ते म्हणाले. "नाही टिकला. उजेड आणि काळोख तेवढा कळतो."

आईनं तबक उलगडून त्यांच्यापुढे ठेवलं. "आप्पा, पान."

"नाही गो."

"एकच."

"एक म्हणूनच नाही. बोटांना आठवतं सगळं, पण डोळा नाही तर रेघ भरकटायची. या मोराच्या शेजारी वाकडं पान ठेवू? माझ्या आजाच्या हातचा मोर तो."

"मला वाकडं चालेल."

"तुला चालेल. मला नाही चालणार."

आजोबा एकदा नाही म्हणाले की संपलं. गिऱ्हाइकांना ते माहीत होतं, आईलाही. ती आत गेली आणि चूल पेटवायला बसली. लाकडं ओली नव्हती, तरी फार वेळ फुंकत राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "धूर झालाय, बाहेर जा." धूर कुठेच नव्हता. ज्या पानासाठी तिनं सबंध हिवाळा काढला होता ते आता मिळणार नव्हतं, आणि ते बोलणंही नाही. कलम चालली नाही तर ती बोलणार कशी?

जेवणं झाल्यावर आजोबा तबक मांडीवर घेऊन बसले. अंगठा काठावरून हळूहळू फिरवत होते, एकेका पानावर थांबत. बाबा समोर ओट्याच्या कडेला, पळून जायच्या बेतात असल्यासारखे. नऊ पानं झाली. अंगठा दहाव्यावर आला आणि थबकला. पुढे गेला, पुन्हा मागे आला.

"हे कुणाचं?"

मामा आतून आला, काय झालं ते बघून परत आत गेला. बाबांनी घसा खाकरला. "माझं, आप्पा. चूक झाली."

आजोबांनी नखानं त्या पानाची शीर चाचपली. "कशावर तालीम केलीत?"

"तांब्यावर. चार महिने."

"तेच. तांबं हट्टी, त्याला जोर लागतो. तो जोर तुम्ही चांदीला लावलात. ही लगेच वाट देते. आणि कलम फार उभी धरलीत." अंगठा दुसऱ्या पानावर गेला. "हे त्याच्यापेक्षा बरं. पण इथे घाबरलात."

"हो," बाबा म्हणाले.

आजोबांनी दोन्ही पानांवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि ते हसू लागले. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, खांदे हलेपर्यंत. "म्हणजे माझ्या आजाच्या मोराशेजारी ही दोन बसलीच आहेत. आणि मी इथे बसून मान सांभाळतोय. जावईबापू, राळ तापवायला घ्या." मग आत तोंड करून म्हणाले, "ये गो, बस पुढ्यात."

बाबांनी निखारे फुंकले, तबक राळेवर दाबून धरलं, गार झालंय का ते हात लावून पाहिलं. इतकं मन लावून त्यांनी कुणाचं काम केलेलं मला आठवत नाही. आई पदर सावरत येऊन समोर बसली. आजोबांनी डाव्या हाताचं नख बाराव्या पानाच्या कडेशी टेकवलं, नखाला लागून कलम उभी केली, आणि लगेच जरा कलती केली. पहिला टोला पडला. आई गप्प.

गप्प का, ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. आजवर आजोबांची मान खाली असायची. आता खाली बघण्यात काही अर्थ नव्हता, आणि त्यांचा चेहरा सरळ तिच्यासमोर होता. ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली होती.

"बोल की," आजोबा म्हणाले. "मला कुठे दिसतेस तू?"

आईनं तोंडावर हात घेतला. मग म्हणाली, "आप्पा, ह्याच्या वेळेला मी मरतच होते." आणि बाबांनी भावाला उचललं, माझा दंड धरला आणि आम्हाला अंगणात फणसाखाली नेलं. मला दाराशी थांबायचं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. त्या पानात काय आहे ते मला म्हणूनच ठाऊक नाही. फणसाखाली टकटक तेवढी येत होती, चार टोले आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. बाबा जमिनीवर काटकीनं पानं काढत बसले होते, काटकी कलती धरून. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की हे संपू नये.

ऊन उतरलं तेव्हा हाक आली. तबक राळेवरून काढून आजोबांनी तेलाच्या बोळ्यानं पुसलं होतं. बारावं पान वाकडंच आलं होतं. मधली शीर देठापासून नीट निघाली होती, मग कुठेतरी वाट चुकून पानाची कड ओलांडून वेलीवर गेली होती. ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे. आजोबा अंगठ्यानं बघत होते.

"बाहेर गेलं ना?"

"थोडंसं," आई म्हणाली. रडून तिचं नाक लाल झालं होतं आणि चेहरा मोकळा.

"थोडंसं नाही, चांगलंच गेलंय. नख सरकलं माझं." ते मनापासून खट्टू झाले होते. "पुढच्या वर्षी याच्यापेक्षा बरं काढतो. हात बसायला वेळ लागेल, पण बसेल. तू ये."

"येते," आई म्हणाली.

उरलेले चार दिवस त्यांनी बाबांना समोर बसवून कलम धरायला शिकवली. बाबांच्या मुठीवर आपली मूठ ठेवून. निघताना त्यांनी तीन कलमा बाबांना दिल्या. पुढे आमच्या दुकानात नक्षीची कामं यायला लागली, आणि बाबांच्या हातून फुलं आली ती चांगली आली. मिरकरवाड्याच्या बाईंची गुलाबदाणी त्यांनी आपण होऊन मागवून घेतली आणि ते फूल पुन्हा उठवून दिलं.

आजोबा त्याच श्रावणात गेले. शास्त्री नदीला पूर होता, वाट बंद होती. आई पोचली ती तिसऱ्या दिवशी. तिला त्यांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. परत आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाट रिकामा होता." मामा वर्षभरात मुंबईला गेला आणि घर विकलं.

तबक ती पूर्वीसारखंच चैत्रात मांडू लागली. कुणी त्या वाकड्या पानाबद्दल विचारलं तर सांगायची, माझ्या वडिलांचं. आणि ही दोन? "ती यांची." त्या दोन पानांना मुकी म्हटलेलं मी पुन्हा ऐकलं नाही. शेवटची नऊ कोरी राहिली. बाबांचा हात इतका तयार झाला होता की त्यांना ती सहज भरता आली असती. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आईनं कधी म्हटलं नाही.

पुढे भाऊ नोकरीला मुंबईत गेला, तेव्हा आईला घेऊन मी वर्षातून एकदा तरी मुंबईला जायची. गाडी संगमेश्वरला चहासाठी थांबे. सगळे भराभर खाली उतरत. आई जागेवरच बसून राही, डोक्यावर पदर घेऊन, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत. पहिल्यांदा मला वाटलं तिला गाडी लागली असेल. पण दर वर्षी तेच. ती सत्तरीला आली त्या साली मी म्हटलं, "अगं आई, उतर ना जरा, पाय मोकळे कर. तुझंच तर गाव."

"नको गो," ती म्हणाली. "उतरले तर पाय घराकडे वळतील. आणि सांगायचं कितीतरी साठलंय."